चाकावर धरू नये

४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पार्सल पोचलं. बाबांचं घड्याळ सुखरूप आहे. ते तुम्ही पायमोज्यात गुंडाळून पाठवलंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मोजा धुतलेला होता, एवढी बुद्धी झाली याबद्दल आभार.

इतक्या वर्षांनी वहिनीचं पत्र बघून तुम्ही आधी खालची सही पाहिली असेल. होय, मीच. दादांना हे पत्र माहीत नाही. 'बाबांचं घड्याळ पाठव, एकदा नीट करून देतो,' असं त्यांनी तुम्हाला परस्पर लिहिलं आणि मला सांगितलं ते पार्सल दारात आल्यावर. आधी कळलं असतं तर मी ते पत्र टपालात पडू दिलं नसतं.

मुद्द्यावर येते. घड्याळ परत मागवा. काहीही कारण सांगा. मन बदललं म्हणा, कुणाला दाखवायचंय म्हणा. थापा मारण्यात तुम्ही शाळेपासून तरबेज होतात, एक माझ्यासाठी मारा.

कारण हे, की तुमच्या दादांचा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. कप धरताना दिसत नाही, कुलपात किल्ली घालताना थोडा दिसतो, पण पॉलिशच्या फिरत्या चाकावर घड्याळाची केस, ते बाहेरचं कवच, धरली की लपत नाही. तुम्ही हे काम केलेलं आहे, तुम्हाला काय सांगायचं. हात रेसभर हलला की सरळ कड वितळल्यासारखी होते, जुन्या साबणाच्या वडीसारखी. पट्टा अडकवायच्या कानांची भोकं ओढली जाऊन लांबोडकी होतात. पन्नास वर्षं टिकलेला आकार एका मिनिटात जातो.

आणि तरी आपल्या दुकानातून एकही केस वाईट गेलेली नाही. ते कसं, हे दादांनाही माहीत नाही. ते दुपारी जेवून वर जाऊन पडतात. ते पडले की मी माझी मुलाम्याची, सोन्याचं पाणी चढवायची भांडी झाकते, त्यांच्या जागेवर बसते आणि त्यांनी सकाळी केलेली केस पुन्हा करते. कडा सरळ करते, पृष्ठ सपाट करते, जिथली वस्तू तिथे ठेवते. ते उठून येतात, चहा घेतात, भिंग लावून सकाळचं काम बघतात आणि म्हणतात, "जमलंय की." मी म्हणते, "न जमायला काय झालं?"

तुम्ही म्हणाल, वहिनी आणि गप्प बसली? मला तोंडावर जड हाताचा म्हणणारी हीच का ती? हीच. 'तुमचा हात जड आहे भाऊजी, तुम्ही दुकानाचं नाव घालवाल,' असं मी म्हणाले होते, समोरच्या घड्याळजींच्या देखत. खोटं नव्हतं. पण त्याच आठवड्यात तुम्ही घर सोडून गेलात. दादांनी मला त्यावरून एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त तुमचं स्टूल माळ्यावर ठेवायला मी निघाले तर म्हणाले, "राहू दे, मी ठेवतो," आणि स्वतः शिडी चढले. एकदा खरं बोलून या घरातला एक माणूस घालवला. दुसऱ्याच्या वेळी तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

बाबांचं घड्याळ स्टीलचं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. पण ती केस पितळेची, वर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेली. सोनं संपलं की संपलं. तिथे मला मागाहून काही सावरता येणार नाही. म्हणून परत मागवा.

वहिनी

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

'दादा करतो म्हणतोय तर करू दे.' एवढंच लिहायला तुम्ही अख्खं पाकीट वाया घालवलंत. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

असो. त्यांनी सुरुवात केली आहे. समोरच्या घड्याळजींनी आतलं यंत्र काढून आपल्याकडे ठेवलंय. तुमच्या वेळी होते तेच हे घड्याळजी. एका जागी उभे राहत नाहीत म्हणून तुम्हीच त्यांना सेकंदकाटा नाव ठेवलं होतं, ते अजून तसेच फिरतात. रिकामी केस दादांपुढे आहे.

पहिले काही दिवस त्यांनी नुसती बघितली. खिडकीशी तिरकी धरायची, भिंग लावायचं, एक 'हं' म्हणायचं आणि खाली ठेवायची. मी विचारलं, "मुहूर्त बघताय का?"

"सोनं कुठे किती उरलंय ते बघतोय. पातळ झालं की रंग जरा बदलतो. बाबांनी चाळीस वर्षं बाहीवर घासलंय."

"मग?"

"मग काही नाही. चाक लावायचं नाही. हातानेच."

ते चामडं चिकटवलेली लाकडी काडी घेऊन बसतात आणि बोटाच्या पेराएवढा भाग सकाळभर घासतात. शिट्टी वाजवतात. मध्येच तुमची आठवण काढतात. तुम्ही हे घड्याळ चोरून हातात घालून शाळेत गेला होतात आणि ते दंडापर्यंत वर चढवून ठेवलं होतंत, ही गोष्ट मी तीनदा ऐकली. दर वेळी घड्याळ थोडं आणखी वर चढतं.

दादांनी केसला लाल दोरा बांधलाय. तुम्हाला आठवत असेल, बाबांचाच नियम: कानाच्या भोकातून लाल दोरा ओवलेला असला, की ती केस चाकावर धरू नये, आणि ज्याने बांधला त्यानेच सोडावा. पण दादा अलीकडे सगळ्यालाच दोरा बांधायला लागलेत. परवा एका स्टीलच्या केसला बांधला, दार अडवायला ठेवावी अशी जाडजूड. चाकाची भीती वाटते हे कबूल करण्यापेक्षा दोरा बांधणं बरं, असं असावं. मी दुपारी दोरा सोडला, केस चाकावर नीट केली, पुन्हा दोरा बांधून ठेवला.

तुम्ही उगाच काळजी करू नये म्हणून लिहिलं. माझं लक्ष आहे.

वहिनी

१० मार्च

भाऊजी,

वाईट बातमी आहे, ती लांबवत नाही. तुमच्या घड्याळाचा एक कोपरा गेला. खालच्या बाजूचा, डाव्या कानाचा. सोनं उडून पितळ उघडं पडलंय, तांदळाच्या दाण्याएवढं. बाकी केस सुरेख झालेली आहे, म्हणून ते जास्तच दिसतं.

दादांना सकाळी दिसलं. त्यांनी केस खिडकीशी नेली, भिंग लावलं. मग केस फडक्यावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्या हातून गेलं बघ."

दोऱ्याचं मला माहीत नाही. केसवर दोरा नव्हता, एवढं खरं. त्यांनी विचारलं, "दोरा मीच सोडला का गं?" मी म्हणाले, "सोडला असेल." या वयात माणसाच्या लक्षात राहत नाही.

त्या दिवसापासून त्यांनी काम बंद केलंय. चाकाचा पट्टा उतरवून ठेवला. काड्या पुसून डब्यात भरल्या. मी म्हणाले, "एका कोपऱ्यासाठी एवढं?" तर म्हणाले, "कोपऱ्यासाठी नाही. मला कळलंसुद्धा नाही गं, कधी गेला ते. हात चुकतो ते चालतं. हात चुकला हे हाताला कळलं नाही, म्हणजे संपलं."

तुम्ही रागावला असाल तर माझ्यावर रागवा. त्यांना काही लिहू नका. मी त्या जागेवर सोन्याचं पाणी चढवून देऊ शकते. रसायनशास्त्राची पदवी निदान एवढ्याला कामी येते. रंग असा जुळवीन की भिंगाशिवाय दिसणार नाही. फक्त ते वर्षा-दोन वर्षांत झिजेल, हे आधीच सांगते. काय करू ते कळवा.

वहिनी

२५ मार्च

भाऊजी,

मी म्हटलं होतं त्यांना लिहू नका. तुम्ही लिहिलंत, आणि इतकं चांगलं लिहिलंत की मला दोन रात्री झोप नाही. 'दादा, घड्याळ काय, वस्तू आहे. तुझ्या हाताने आयुष्यभर केलं ते कोण पुसणार? आता हाताला विश्रांती दे.' त्यांनी ते मला वाचून दाखवलं. वाचताना 'विश्रांती'वर थांबले. मग पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ते अजून तिथेच आहे. सदरा बदलला की पत्रही बदली होतं.

शिव्या दिल्या असत्यात तर त्या मी झेलल्या असत्या. माया त्यांच्या खिशात गेली आणि ती चुकीच्या पत्त्यावर पोचलेली आहे.

तो कोपरा त्यांनी घालवलेला नाही. मी घालवला.

आता कसं झालं तेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्यांना वाचवायला आळ अंगावर घेतेय. मी असलं काही करत नाही हे तुम्ही जाणता.

ते जेवून वर गेले. मी रोजच्यासारखी त्यांच्या जागेवर बसले. फडक्यावर तुमची केस होती, पूर्ण झालेली. मी ती भिंगाखाली धरली. तीन कान जसे हवेत तसे. चौथ्याची कड जरा बसकी, आत दबल्यासारखी. मी मनात म्हटलं, झालं, घसरला हात. बघा, मी विचारसुद्धा केला नाही. दोन वर्षं रोज दुपारी त्यांची चूकच शोधायला बसलेल्या बाईला चूक सापडणारच. बाकीच्या तीन कानांकडे बघून मला कळायला हवं होतं की ज्या हाताने हे केलं त्या हाताला चौथा करता आला नाही, असं होणार नाही. मी चाक सुरू केलं. 'नुसतं टेकवते' म्हणत टेकवलं. दोनदा फिरवलं असेल. कड सरळ झाली, छान झाली, आणि मग पुसली तर खालून पितळ माझ्याकडे बघत होतं.

मी केस होती तशी ठेवून दिली, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.

त्यांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. मी दारातच उभी होते. 'माझ्या हातून गेलं बघ,' असं ते म्हणाले तेव्हा 'नाही' एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "चहा गार होतोय."

वहिनी

८ एप्रिल

भाऊजी,

'वहिनी, तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.' बरोबर आहे. मी तुमच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं, आणखी दोन कडक शब्द घालून.

पण जरा माझी अडचण बघा. 'कोपरा मी घालवला,' असं सांगितलं की ते पहिलं काय विचारतील? 'तू माझ्या जागेवर काय करत होतीस?' मग मला सांगावं लागेल की मी रोज तिथे बसते. मग कळेल की दोन वर्षांत त्यांनी भिंग लावून 'जमलंय की' म्हणून ज्या केसेसकडे बघितलं त्या सगळ्या माझ्या हाताच्या होत्या. आज त्यांना वाटतं की हात काल-परवा संपला, त्याआधी तो चांगला होता. एक कोपरा त्यांना परत करायचा तर ती दोन वर्षं काढून घ्यावी लागतात. तुम्हीच सांगा, यातलं कुठलं कमी वाईट?

असं मी स्वतःला रोज विचारते. उत्तर येत नाही म्हणून आणखी एक दिवस जातो, आणि दिवस गेला की मला हायसं वाटतं. हे हायसं वाटणं मला अजिबात आवडलेलं नाही.

काल सेकंदकाटा आले. दोन केसेस घेऊन आले होते. दारातूनच, "दादा, चाक बंद कसं? वीज गेली?"

"वीज आहे. मीच गेलो," दादा म्हणाले.

"असं कसं? अहो, मागच्या महिन्यातली ती चौकोनी केस! गिऱ्हाइकाला परत दिली तर म्हणतो, हे माझं नव्हेच, नवीन दिलंत. शपथेवर सांगावं लागलं."

"हो ना. ती बरी झाली होती," दादा म्हणाले. जरा हसले. "शेवटची बरी ती."

त्या चौकोनी केसची रोज सकाळी एकेक बाजू ते साबणाच्या वडीसारखी करत होते. मी सलग चार दुपारी ती सरळ करत बसले होते. मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होते भाऊजी, आणि मला एकाच वेळी लाज वाटली आणि ती स्तुती माझी आहे असंही वाटलं. चोराला चोरीचा माल कुणी वाखाणला तर असंच होत असेल.

मग त्यांनी काड्यांचा डबा उचलला आणि सेकंदकाट्यांच्या हातात दिला. "तुम्हाला लागतील. मला आता नकोत." तुमच्या बाबांनी चामडं चिकटवलेल्या दोन काड्या आहेत त्यात. सेकंदकाटा डबा घेऊन उभे राहिले. एका जागी उभे राहिलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिले.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी लिहिली नाही. त्याच्या आधीच्यात तर उलटंच लिहिलं. केसवर दोरा होता. त्याच कानात होता, डाव्या, खालच्या. गाठ घट्ट होती, सुटेना, म्हणून मी कात्रीने कापला. मी दोरा बघितला आणि म्हटलं, हे तर काय, सगळ्यालाच बांधतात. आपल्याला चाक झेपत नाही ते झाकायला बांधतात. दोरा काय सांगतोय हे बघायचं सोडून मी तो का बांधला असेल याचे अंदाज बांधले, आणि तेही आपल्या सोयीचे. नंतर त्यांनी 'दोरा मीच सोडला का गं?' विचारलं तेव्हा तो माझ्या खणात होता. अजून आहे. हात चुकल्याचं मी त्यांच्या माथी मारलंच, वर विसरल्याचंही मारलं. आता ते गॅस बंद केला की नाही हे दोनदा जाऊन बघतात.

सांगते. डबा परत आणते आणि सांगते.

वहिनी

३० एप्रिल

भाऊजी,

सांगितलं.

दुपारी सांगितलं, जेवण झाल्यावर, ते वर जायच्या आत. डबा समोर ठेवला, त्यावर कापलेला दोरा ठेवला. म्हणाले, "हे काय?" मी एका दमात सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर चहाच ठेवला असता.

ते दोऱ्याकडे बघत होते. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"सगळ्या?"

"बहुतेक. स्टीलच्या."

"ती चौकोनी?"

"ती पण."

"जिची शपथ घ्यावी लागली, ती?"

"हो."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा रडतील, किंवा त्यांच्या स्वभावाप्रमाणे हसण्यावारी नेतील. त्यांनी विचारलं, "त्यात एकही अशी नव्हती का, की तू बघितलीस आणि तशीच ठेवलीस?"

मी आठवायला लागले. भाऊजी, खूप आठवलं. असतील. असणारच. पहिल्या वर्षी तर त्यांचा हात रोज हलत नव्हता. पण मी कधी तशी ठेवल्याचं मला आठवेना. मी आधी चाक सुरू करायची आणि मग बघायची. हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, त्यांच्यासमोर उभं राहून.

"माहीत नाही," मी म्हणाले.

ते उठले आणि बाहेर गेले. अंधार पडायच्या सुमारास परत आले. जेवले. नंतरचे कितीतरी दिवस ते माझ्याशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलले. घरात दोन माणसं आणि बोलणं दारामिठाचं. मी बाजू मांडली नाही. मला बाजू मांडता येते, हाच तर घोळ आहे.

एकदा मीच विचारलं, "अहो, तो कान मुळात बसका का होता?"

ते म्हणाले, "तो पोचा होता. धाकट्याने शाळेत नळावर आपटला होता, पाणी पिताना. घरी येऊन चार दिवस लपवून ठेवलं होतं. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, असू दे. मी पण या वेळी म्हटलं, असू दे. सगळं पुसून काढलं, तेवढा ठेवला होता. त्याला परत दिल्यावर अंगठ्याला लागला असता."

म्हणजे मी नुसतं सोनं घालवलं नाही. तुमचं जे काही त्या घड्याळावर उरलं होतं तेवढंच नेमकं शोधून काढून मी सरळ केलं. या घरातून तुम्हाला दुसऱ्यांदा घालवलं. याच्यापुढे क्षमा वगैरे शब्द लिहायला मला संकोच वाटतो, म्हणून लिहीत नाही.

सोमवारी सकाळी खाली आले तर चाकाचा पट्टा चढवलेला होता. त्यांच्या स्टुलाच्या शेजारी माझं स्टूल होतं, मुलाम्याच्या भांड्यांपासून उचलून आणलेलं. सेकंदकाट्यांनी ठेवलेल्या दोन केसेसपैकी एक, स्टीलची, फडक्यावर होती.

"बस," ते म्हणाले. "कर."

"आत्ता?"

"मग काय मी झोपल्यावर?"

मी बसले. चाकावर केस धरली. दोन वर्षं रोज केलेलं काम, पण ते शेजारी बसून बघत होते आणि माझा हात थरथरायला लागला. खरंच सांगते. त्यांनी चाक बंद केलं. माझ्या मनगटाखाली दोन बोटं धरली आणि जरा वर उचललं. त्यांची बोटं हलत होती, माझं मनगट हलत होतं, कुणाचं कोणतं ते कळेना.

"तुझा हात जड आहे," ते म्हणाले.

मी केसवरची पकड सैल केली.

"धाकट्याचा पण होता. माझाही होता. बाबांनी वर्षभर असं मनगट धरलं होतं माझं. जड असतो, मग हलका होतो. कुणीतरी शेजारी बसावं लागतं, बस." मग चाक पुन्हा सुरू केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्या शेजारी मी बसायला हवं होतं. तू बोललीस, आणि मी शिडी चढलो."

आता आम्ही सकाळी काम करतो, दोघं, उजेडात. कुठली केस कुणी करायची ते तेच ठरवतात. काही अजूनही ते हाताने करतात आणि त्या छान होतात. काही होत नाहीत, मग त्या माझ्यापुढे सरकवतात आणि स्वतःच म्हणतात, "ही साबणाची वडी." मला त्यांनी माफ केलंय असं मुळीच समजू नका. सेकंदकाट्यांना त्यांनी ती चौकोनी केस कुणाच्या हातची ते सांगून टाकलं, माझ्यासमोर, आणि सांगताना जो एक कटाक्ष टाकला तो मला बरेच दिवस पुरेल. गॅस मात्र आता एकदाच बघतात.

तुमचं घड्याळ या पत्राबरोबर येतंय, यंत्र आत बसवून. मी मुलाम्याचं भांडं तयार केलं होतं, रंगही जुळवला होता. दादा म्हणाले, "नको. पितळ आहे तर पितळ दिसू दे. झाकाझाकी पुष्कळ झाली." तेव्हा तो डावा कान तसाच आहे. पोचा नाही, पण अंगठ्याला ती जागा लागेल. ती तुमच्या वहिनीची समजा.

दुसरं म्हणजे, माळ्यावरचं स्टूल परवा मी खाली काढलं. या वेळी शिडी मी चढले. एका पायाखाली घडी घालून कागद लावावा लागेल, बाकी धड आहे.

पार्सल बांधायच्या आधी दादांनी घड्याळ परत मागितलं. नवा लाल दोरा घेतला आणि त्याच कानात ओवायला बसले. दोरा भोकाशी यायचा आणि बाजूला जायचा. ओवल्यावर गाठ मारायला घेतली तर ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. मी समोरच बसले होते. माझे दोन्ही हात मी मांडीवर ठेवले होते आणि ते तिथेच राहिले.

गाठ ओबडधोबड आहे. तुम्ही पण तिला हात लावू नका. ज्याने बांधली तो सोडेल, तुम्ही याल तेव्हा.

वहिनी